पॅनल चांगले, काम कच्चं: जळगावच्या एका ३ किलोवॅट सोलरची पूर्ण केस

जळगावातल्या एका घरावरच्या सोलरची ही केस आहे. घरमालक रेल्वेतून रिटायर झालेले, सगळी कॉलनी त्यांना आप्पा म्हणते म्हणून मीही आप्पाच लिहितो. मी भुसावळ-जळगाव पट्ट्यात सोलरच्या दुरुस्तीची कामं करतो, नवीन सिस्टिम विकत नाही. ही केस एवढी सविस्तर लिहितोय कारण यात जे जे निघालं ते एकेक करून मला बऱ्याच गच्च्यांवर दिसतं, पण एकाच घरावर सगळं एकत्र क्वचित सापडतं. आणि मुख्य म्हणजे पॅनल एकदम चांगले होते. सोलर घेताना लोक दहा वेळा विचारतात पॅनल कुठल्या कंपनीचा, इन्व्हर्टर कुठला, पण कनेक्टर कोण जोडणार, कशाने दाबणार, हे कोणीच विचारत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

सिस्टिम साधीच. ५४० वॅटचे सहा पॅनल, म्हणजे ३.२४ किलोवॅट, सहाच्या सहा एकाच सिरीजमध्ये (या सिरीजलाच स्ट्रिंग म्हणतात), खाली ३ किलोवॅटचा स्ट्रिंग इन्व्हर्टर. मे २०२४ मध्ये उभी राहिली, पीएम सूर्यघर योजनेतून, नेट मीटर जुलैत लागलं, ७८,००० रुपयांची सबसिडी खात्यात जमा झाली. बँकेचं लोन होतं त्यामुळे व्हेंडरला पूर्ण पैसे आधीच पोचले होते. जानेवारी २०२५ मध्ये आप्पांचा फोन आला, "भाऊ, बिल तर कमी झालंय पण मला काहीतरी कमी वाटतंय, एकदा येऊन बघून जा."

आता यातच पहिली मेख आहे. बिल कमी झालं म्हणजे सोलर नीट चाललंय असं होत नाही. नेट मीटरच्या बिलात ग्रीडमधून किती युनिट घेतले आणि ग्रीडला किती दिले एवढंच दिसतं, पॅनलनी एकूण किती बनवले ते दिसत नाही, कारण दिवसा घरातच जे वापरलं जातं ते त्या मीटरपर्यंत पोचतच नाही. त्यात हिवाळा, एसी बंद, कूलर बंद, पंखे बंद, म्हणजे वापर तसाही निम्म्यावर आलेला. बिल कमी दिसणारच. आप्पांनी मात्र रेल्वेतली सवय सोडलेली नाही, रोज संध्याकाळी इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरचा दिवसाचा आकडा रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचे. डिसेंबर-जानेवारीचे आकडे साडेआठ, नऊ, मध्येच सात. खान्देशात हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असतं, ऊन कोवळं पण दिवसभर, आणि थंडीत पॅनल उलट चांगला चालतो. एका किलोवॅटमागे रोज चार युनिट हा मी कमीत कमी धरतो, म्हणजे ३.२४ किलोवॅटला तेरा युनिट तरी यायलाच हवेत. रोजचे चार-पाच युनिट कुठेतरी गळत होते आणि हे त्या रजिस्टरशिवाय कधीच कळलं नसतं.

व्हेंडरची उत्तरं नेहमीचीच. पावसाळ्यात म्हणाले ढग आहेत, ऑक्टोबरला म्हणाले पॅनल धुवा, डिसेंबरला म्हणाले दिवस लहान झालाय, उन्हाळ्यात वाढेल. एकदा एक पोरगा पाठवला, त्याने दुपारी दोन वाजता येऊन मीटर लावून बघितलं, सगळं ओके म्हणाला आणि गेला. तो पोरगा खोटं बोलला नव्हता बरं का, दुपारी दोनला खरंच सगळं ओकेच दिसत होतं.

मी आधी गच्चीवर गेलोच नाही. आप्पांच्या मुलाच्या मोबाईलवर इन्व्हर्टरचं ॲप होतं, त्यात मागच्या महिन्याचे रोजचे ग्राफ काढून बघत बसलो. चांगल्या सिस्टिमचा ग्राफ सकाळी हळूहळू चढतो, दुपारी गोल होतो, संध्याकाळी तसाच हळूहळू उतरतो. इथे दोन गोष्टी डोळ्यात भरल्या. एक, बऱ्याच दिवशी ग्राफ सकाळी साडेसातला सुरू व्हायच्या ऐवजी दहा, साडेदहाला एकदम उभाच्या उभा चढत होता. दोन, दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला एक पायरी खाली पडत होती, रोज, जवळपास त्याच वेळेला. ढगाने असं होत नाही, ढग वेळ पाळत नाही. ॲपमध्ये अलार्मची हिस्टरी असते ती बहुतेक जण उघडतच नाहीत, तिथे सकाळच्या वेळेला आयसोलेशन फॉल्टची ओळ रांगेने लागलेली होती.

आयसोलेशन फॉल्ट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इन्व्हर्टर रोज सकाळी चालू व्हायच्या आधी स्वतःच तपासतो की पॅनलकडून येणाऱ्या डीसी वायरीतून जमिनीकडे करंट गळत तर नाही ना. गळत असेल तर तो चालूच होत नाही, थांबतो, पुन्हा तपासतो, पुन्हा थांबतो. आप्पांचं घर गावाच्या कडेला, मागे केळीचे बाग, त्यामुळे जानेवारीत सकाळी भरपूर दव पडतं. दव वाळलं की गळती बंद, इन्व्हर्टर चालू, आणि दुपारी येणाऱ्या माणसाला काहीच सापडत नाही. म्हणून मी दवातच गेलो, सूर्य उगवायच्या वेळेला, मेगर म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र घेऊन. इन्व्हर्टर बंद, डीसी आयसोलेटर (पॅनलकडच्या वायरीचा स्विच) बंद, मग स्ट्रिंगचं अर्थशी इन्सुलेशन मोजलं. ५०० व्होल्टवर १ मेगाओमच्या वर यायला पाहिजे, कितीतरी खाली आलं. त्याच वायरी अकरा वाजता पुन्हा मोजल्या तर व्यवस्थित. म्हणजे कुठेतरी ओल आत शिरतेय हे पक्कं झालं.

मग पॅनलच्या खाली आडवा झालो. आणि तिथे जे दिसलं ते बघून खरंच राग आला. डीसी वायर नुसती स्लॅबवर लोळत पडलेली, पाइप नाही, ट्रे नाही. पांढऱ्या साध्या प्लास्टिकच्या केबल टायने बांधली होती, त्या टाय उन्हाने आठ महिन्यांतच तडकून तुकडे होऊन खाली पडल्या होत्या, त्यामुळे वायर आणि कनेक्टर दोन्ही स्लॅबच्या उतारावर जिथे पाणी साचतं नेमके तिथेच. उन्हात टिकणारी काळी टाय वेगळी मिळते, किंवा स्टीलची क्लिप मिळते, फरक काही शे रुपयांचा असतो सगळ्या कामात मिळून.

कनेक्टर एमसी४ टाइपचे, म्हणजे सोलरच्या वायरी एकमेकांत घुसवून जोडायचे ते. पॅनलला कंपनीतून येतात ते चांगलेच असतात. पण शेवटच्या पॅनलपासून खाली इन्व्हर्टरपर्यंत जी वायर जाते तिला साइटवर कनेक्टर बसवावा लागतो आणि तिथेच घोळ. एक तर तो भलत्याच स्वस्त मेकचा, पॅनलच्या कनेक्टरमध्ये घुसतो, दिसायला बसतो, पण दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत जोडायचे नसतात, आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्येही दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच टाइपचे पाहिजेत असंच आहे. दुसरं म्हणजे मी तो उघडला (आधी करंट शून्य आहे याची क्लॅम्प मीटरने खात्री करून, हे विसरू नका) तर आतली पिन पक्कडीने दाबलेली. पिनच्या दोन्ही पाकळ्या वायरीवर नीट दुमडलेल्या नाहीत, एक पाकळी बाहेर, वायरीच्या तारांपैकी निम्म्या आत आणि निम्म्या मागे वळलेल्या. मागचं नट हातानेच फिरवून सोडलेलं, त्यामुळे आतल्या रबराने वायरीला पकडलंच नव्हतं, पाणी सरळ आत. पिनवर हिरवा गंज चढला होता आणि प्लास्टिक एका बाजूने तपकिरी होऊन फुगलं होतं.

त्या जागेवर काय चालू असेल याचा हिशोब सोपा आहे. भर दुपारी त्या स्ट्रिंगमधून १२-१३ अँपिअर जातात. चांगल्या कनेक्टरचा रेझिस्टन्स एका मिलिओमच्याही खाली असतो, उष्णता नगण्य. पण खराब दाबलेल्या पिनीचा रेझिस्टन्स ०.२ ओम झाला तरी १३ गुणिले १३ गुणिले ०.२, म्हणजे जवळपास ३४ वॅट त्या अंगठ्याएवढ्या प्लास्टिकमध्ये. रेडिओ दुरुस्तीवाल्याची २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री रोज पाच-सहा तास गच्चीवर चालू ठेवून सोडून देण्यासारखं आहे हे. आणि याने जनरेशन फारसं कमी होत नाही हेच जास्त वाईट, ३४ वॅट तीन हजारातून गेले तर आकड्यात कोणाला कळणार आहे? सकाळी गळती होत होती म्हणून इन्व्हर्टरने ओरडून सांगितलं, नाहीतर हे उन्हाळ्यात वितळेपर्यंत कोणी बघितलं नसतं. पिन दाबायचं बरोबर हत्यार दीड-दोन हजाराला मिळतं.

इथेच एक गोष्ट निक्षून सांगतो. इन्व्हर्टर बंद केला तरी पॅनल बंद होत नाहीत, ऊन आहे तोपर्यंत सहा पॅनलच्या स्ट्रिंगवर तीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट असतातच. चालू करंटमध्ये कनेक्टर ओढला तर जाळ होतो आणि तो जाळ एसीसारखा झटकन विझत नाही. घरमालकाने बघायचं, फोटो काढायचे, हात लावायचा नाही.

आता दुपारची पायरी. जिन्याची खोली पॅनलच्या नैऋत्येला आणि तिच्यावर हजार लिटरची काळी टाकी. मे महिन्यात काम झालं तेव्हा सूर्य जळगावात जवळपास डोक्यावर असतो, मेच्या शेवटच्या आठवड्यात तर शून्य सावलीचा दिवसच येतो, त्यामुळे व्हेंडरने आप्पांना गच्चीवर उभं करून दाखवलं की बघा, सावली कुठेच नाही. खरंच नव्हती. पण डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी बारालासुद्धा सूर्य इथे साधारण ४५ अंशांवरच येतो, म्हणजे दहा फूट उंच वस्तूची सावली उत्तरेला दहा फूट, आणि तीन वाजता ती आणखी लांब होऊन ईशान्येला सरकते. ती बरोबर दोन पॅनलवर येत होती. सिरीजमध्ये सहाच पॅनल, त्यातले दोन गेले की एक तृतीयांश गेलंच. जागा ठरवताना मोबाईलमधलं सूर्याचा मार्ग दाखवणारं कुठलंही फुकट ॲप डिसेंबरच्या तारखेला लावून बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. पाच फूट पूर्वेला सरकायला जागा होती गच्चीवर, मोकळी पडून होती.

तिसरी गळती शोधायला थोडा वेळ लागला. सावली नसताना, दुपारी बारा वाजता, ॲपमध्ये स्ट्रिंगचं व्होल्टेज जितकं पाहिजे त्यापेक्षा बारा-तेरा व्होल्ट कमी दिसत होतं. स्ट्रिंग सोडवून नुसतं मोकळं व्होल्टेज मोजलं तर बरोबर. म्हणजे वायरिंग ठीक, डायोड शॉर्ट नाही, पण लोड आला की एक तुकडा मागे पडतो. एका पॅनलच्या आत सेलचे तीन भाग असतात, प्रत्येकाला एक बायपास डायोड, एक भाग अशक्त झाला की डायोड त्याला बाजूला काढतो आणि चालू व्होल्टेजमधून साधारण एवढेच व्होल्ट जातात. थर्मल कॅमेऱ्याने बघितलं, चौथ्या पॅनलचा एक तृतीयांश पट्टा बाकीच्यापेक्षा स्पष्ट गरम. काच अख्खी, वरून काहीच दिसत नाही. मग तिरक्या उन्हात जवळून बघितलं तर काचेवर बुटाच्या तळव्याची नक्षी, धुळीत बसलेली नाही, सिमेंटच्या पाण्याने उमटलेली, म्हणजे बसवतानाचीच. मधल्या पॅनलचं क्लॅम्प आवळायला कोणीतरी पॅनलवर पाय देऊन उभं राहिलं होतं. काच फुटत नाही पण आतले सेल तडकतात. याला कंपनीची वॉरंटी मिळत नाही, हाताळणीतलं नुकसान म्हणतात, ते बसवणाऱ्याच्या अंगावर.

डीसी बॉक्स उघडला तर आत साधा एसीचा एमसीबी. घरात लावतो तोच. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून एमसीबी उघडताना आतला जाळ आपोआप विझतो, डीसी शून्यावर येतच नाही, तो एमसीबी बिघाडाच्या वेळी उघडेल पण आतला जाळ चालूच राहील आणि बॉक्स पेटेल. डीसीसाठी वेगळा एमसीबी मिळतो, त्यावर तसं लिहिलेलं असतं आणि काहींवर प्लस-मायनसची खूण असते. घरमालकाला हे बॉक्सचं पारदर्शक झाकण न उघडता वाचता येतं. इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर, वर छप्पर नाही. जानेवारीत चालून जातं, पण मे महिन्यात जळगावला पारा ४४-४५ ला जातो आणि चार वाजताचं ऊन थेट त्याच्यावर, तेव्हा तो स्वतःला वाचवायला पॉवर कमी करतो आणि आतले कपॅसिटर लवकर मरतात. उन्हाळ्याची वाट न बघता आत्ताच हलवून घ्या असं मी आप्पांना म्हटलं.

अर्थिंगचं तर काय सांगावं. कागदावर तीन अर्थिंग, एक डीसीला, एक एसीला, एक लायटनिंग अरेस्टरला (पडणारी वीज जमिनीत नेणारा दांडा), अंगणात तीन हिरवी झाकणं अगदी ओळीत, फोटो काढायला सुंदर. अर्थ टेस्टर लावला तर एसीचं ठीक होतं, ४ ओमच्या आसपास, ५ च्या खाली पाहिजे असतं. दुसऱ्याचं रीडिंगच लागेना. झाकण काढलं, आत इलेक्ट्रोडचं, म्हणजे जमिनीत पुरलेल्या पाइपचं तोंड दिसत होतं, त्याला पट्टी व्यवस्थित बोल्टने बसवलेली. मी सहज हाताने हलवलं तर हललं. ओढलं तर बाहेर आलं. दीड फुटाचा पाइपचा तुकडा होता तो. तिसऱ्याचंही तसंच. म्हणजे लायटनिंग अरेस्टर गच्चीवर दिमाखात उभा आणि खाली जमिनीत दीड फूट तुकडा. आप्पा बराच वेळ तो तुकडा हातात धरून उभे होते, मग म्हणाले, "घरात नातवंडं आहेत भाऊ." मला त्याच्यावर काही बोलायला सुचलं नाही.

स्ट्रक्चरचं थोडक्यात. पाइप गॅल्व्हनाइज्ड होते पण जोड साइटवर वेल्डिंग करून वर चंदेरी रंग मारलेला, वेल्डिंगने झिंकचा थर जळतो आणि नुसता रंग टिकत नाही, आठ महिन्यांत गंज उतरू लागला होता. दोन क्लॅम्प पॅनलच्या अगदी कोपऱ्यावर, कंपनीने फ्रेमवर खूण केलेल्या पट्ट्याच्या बाहेर. मे-जूनच्या वादळात आपल्याकडे केळीचे बागच्या बाग आडवे होतात, त्या वाऱ्यात कोपऱ्यावर धरलेला पॅनल किती टिकेल? पाय स्लॅबमध्ये अँकर बोल्ट ठोकून बसवलेले, कोबा फोडून, आणि भोकं तशीच सोडलेली, त्यामुळे ऑगस्टमध्ये मागच्या खोलीत ओल आली होती. आप्पांना तोवर वाटत होतं की घर जुनं झालंय म्हणून गळतंय.

पॅनलचे सिरीयल नंबर मात्र एकेक करून बिलाशी आणि डीसीआर सर्टिफिकेटशी (सेल भारतात बनल्याचा दाखला) जुळवले, सगळे बरोबर निघाले. माल खरा, भारतीय सेलचा, नवीन. फसवणूक मालात नव्हती. नंतर व्हेंडरशी बोलताना कळलं की काम त्यांच्या माणसांनी केलंच नव्हतं, बाहेरच्या टोळीला किलोवॅटच्या भावाने दिलं होतं. मे महिन्यातल्या उन्हात, दिवसाला दोन साइट संपवायच्या, बेल्ट नाही, हातमोजे नाहीत, हत्यार म्हणून एक पक्कड आणि एक ड्रिल. ती विशी-बाविशीची पोरं आहेत, त्यांना कोणी कधी शिकवलंच नाही की पिन कशी दाबायची. माझा राग त्यांच्यावर नाही. जो माणूस सिस्टिम विकून सही करतो आणि काम झाल्यावर एकदाही गच्चीवर चढत नाही त्याच्यावर आहे.

आता पुढे काय केलं. आप्पांचा मुलगा तापला होता, म्हणाला सोशल मीडियावर टाकतो, पोलिसात जातो. मी म्हटलं आधी एक पत्र लिहा. भांडणाचं नाही, कामाचं. दोन पानांचं पत्र, वर अर्जाचा नंबर, काम झाल्याची तारीख, मग एकेक दोष, प्रत्येकाला फोटोचा नंबर, जिथे मोजमाप आहे तिथे आकडा, आणि प्रत्येकाखाली काय करून हवंय ते एका ओळीत. "काम नीट झालेलं नाही" असं लिहिलं की समोरचा पॅनल धुवायला पोरगा पाठवतो, "अर्थिंग क्रमांक २ चा इलेक्ट्रोड दीड फुटाचा आहे, फोटो ७, नवीन पूर्ण लांबीचा इलेक्ट्रोड बसवून ५ ओमच्या खालचं रीडिंग लेखी द्यावं" असं लिहिलं की त्याला पळायला जागा राहत नाही. सोबत आप्पांच्या रजिस्टरची तीन महिन्यांची पानं जोडली. ईमेल केला आणि पोचपावतीसह पोस्टानेही पाठवला, कारण फोनवर झालेलं बोलणं नंतर कोणालाच आठवत नाही.

पत्राला वजन आलं ते करारामुळे. योजनेत ग्राहक आणि व्हेंडर यांच्यात एक ठरावीक नमुन्याचा करार होतो, सगळे सही करतात, वाचत कोणीच नाही. त्यात पाच वर्षं देखभाल व्हेंडरने विनामूल्य करायची आहे आणि सिस्टिम चालू करताना परफॉर्मन्स रेशो (पडलेल्या उन्हाच्या हिशोबाने जेवढी वीज यायला हवी त्यातली प्रत्यक्षात किती येते ते प्रमाण) ७५ टक्के असला पाहिजे असं लिहिलेलं आहे. ही दोन्ही कलमं पत्रात जशीच्या तशी उतरवली. शेवटी लिहिलं की पंधरा दिवसांत काम सुरू झालं नाही तर योजनेच्या पोर्टलवर तक्रार नोंदवू आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, अर्ज ऑनलाइन करता येतो, वकील लावलाच पाहिजे असं नाही. व्हेंडर लोकांना हे सगळं चांगलं माहीत असतं, ग्राहकाला माहीत आहे हे त्यांना कळलं की सूर बदलतो.

पंधरा दिवस काहीच झालं नाही. मग पोर्टलवर तक्रार टाकली, तेच पत्र, तेच फोटो. व्हेंडरला योजनेच्या यादीतलं आपलं नाव जपायचं असतं, तिथून कटला तर पुढची कामं बंद. त्याच आठवड्यात मालक स्वतः आले, पहिल्यांदा गच्चीवर चढले. तो पाइपचा तुकडा आप्पांनी टेबलवर ठेवला होता. माणूस ओशाळला हे कबूल करतो, पण तरी घासाघीस झालीच. कनेक्टर, वायरिंग, एमसीबी, अर्थिंग, गंज, क्लॅम्प हे सगळं लगेच मान्य. तडकलेल्या पॅनलला नाही म्हणाले, कंपनीकडे दावा लावू म्हणाले, तेव्हा थर्मल फोटो आणि बुटाच्या खुणेचा फोटो पुढे केला, कंपनी हा दावा उडवणार हे त्यांनाही कळत होतं, शेवटी नवीन पॅनल द्यायला तयार झाले. स्ट्रक्चर सरकवायला मात्र साफ नकार, जागा तुम्हीच दाखवली होती म्हणाले. तिथे आप्पांनी समजूतदारपणा दाखवला, टाकी मी माझ्या खर्चाने दुसऱ्या कोपऱ्यात हलवतो, तुम्ही फक्त शेवटचे दोन पॅनल पूर्वेकडे घ्या. त्यावर मिटलं. मला वैयक्तिक विचाराल तर पूर्ण खर्च व्हेंडरचाच होता, सावली बघणं हे ग्राहकाचं काम नाही, पण महिनाभर आणखी भांडण्यापेक्षा उन्हाळ्याआधी युनिट मिळायला लागलेले बरे, हे आप्पांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

काम फेब्रुवारीच्या शेवटी झालं. मी मुद्दाम हजर राहिलो, आप्पांनी तशी अटच घातली होती. डीसी वायर पूर्ण नवीन, ४ स्क्वेअर एमएमची टिन चढवलेली सोलर केबल, पाइपातून, स्लॅबपासून उचलून. कनेक्टर पॅनलच्याच मेकचे, बरोबर हत्याराने दाबलेले, आणि जोडल्यावर क्लिक आवाज आला की हलकं ओढून बघायचं. मी त्या पोरांपैकी एकाला पिन दाबायला दिली, पहिली चुकली, दुसरी मस्त झाली, तिसऱ्यापासून तो मला दाखवायला लागला. एवढंच शिक्षण लागतं या कामाला, एका सकाळचं. वेल्डिंगचे जोड घासून झिंकचा पेंट दोन हात. अँकरच्या पायाभोवती सिमेंटचे ठोकळे आणि आतून वॉटरप्रूफिंग ग्राउट. इन्व्हर्टर जिन्याच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, हवा खेळती राहील एवढं अंतर सोडून. अर्थिंगला नवीन इलेक्ट्रोड, रीडिंग माझ्यासमोर, दोन्ही ५ च्या खाली.

मेगर पुन्हा दवात लावता आला नाही, दव संपलं होतं, मग गच्चीवरच्या नळाने कनेक्टरवर आणि वायरीवर भरपूर पाणी मारून मोजलं. रीडिंग जरासुद्धा खाली आलं नाही. मार्चचे आकडे साडेचौदा-पंधरा यायला लागले, एप्रिलमध्येही चौदाच्या खाली क्वचितच. मार्च हा तसाही वर्षातल्या सर्वात चांगल्या महिन्यांपैकी एक, त्यामुळे जानेवारीच्या नवाशी थेट तुलना करू नका, पण दुपारची पायरी गेली आणि सकाळचा ग्राफ वेळेवर सुरू होतो हे स्वच्छ दिसतं. मे महिन्यात चार वाजता इन्व्हर्टर अंगावर ऊन न घेता चालतो.

एक बाब तेव्हा उघडीच राहिली, स्लॅबची गळती. ती पाऊस पडल्याशिवाय कळणार नव्हती, म्हणून व्हेंडरकडून लेखी घेतलं की पहिल्या पावसाळ्यात ओल आली तर ते दुरुस्त करून देतील.

आप्पांच्या शेजारच्या दोन घरांनी मार्चमध्ये सोलर घ्यायचं ठरवलं, वेगळ्या व्हेंडरकडून. दोघांनी कोटेशनवर पेनाने चार ओळी वाढवून सही घेतली. पॅनल आणि साइटवरचे कनेक्टर एकाच मेकचे असतील, अर्थिंगचे खड्डे बुजवायच्या आधी इलेक्ट्रोड घरमालकाला दाखवला जाईल, पॅनलवर कोणी पाय देणार नाही, आणि शेवटचे दहा टक्के पैसे इन्सुलेशन आणि अर्थिंगची लेखी रीडिंग हातात मिळाल्यावरच. व्हेंडरने एका शब्दाने कुरकुर केली नाही, फक्त विचारलं की हे तुम्हाला कोणी सांगितलं.